संत्र्याच्या वाईनचं लेबल करताय? या चुका टाळा

आमचा बगीचा वरुडकडं अन् माझं काम लेबलं डिझाईन करायचं. मागच्या वर्षी लायसन काढून संत्र्याची वाईन करणारे एक काका आले आणि मोबाईलवर फ्रान्सच्या बाटलीवरचा वाडा दाखवून म्हणाले, "हेच टाकून दे." पहिली चूक हीच होते. तो वाडा त्या लोकांच्या घरचा आहे, आपल्या घरचं काय ते शोधा. काका म्हणे, "आमच्या घरी का आहे दाखवाले?" मग आईची शरबताची वही निघाली, तेलाचे डाग पडलेली, तीत लिहिलं होतं, 'बी अन् पांढरं साल राहू देऊ नको, कडू होते.' तेच अक्षर स्कॅन करून लेबलावर घेतलं, खाली 'मृग बहार', म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा संत्र्याचा बहर. पण 'शंभर वर्षांची परंपरा' लिहू नका हो, आई शरबत करायची आणि वाईन मुलानं सुरू केली तर तसंच लिहा, ते खरं आहे म्हणून छान वाटतं.

'ऑरेंज वाईन' हे नावही टाळा. जगात त्या नावानं जी वाईन विकते तिच्यात संत्रं नसतंच, पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवून ती करतात. जॉर्जिया देशात घरोघरी मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरून ही पद्धत चालत आली, २०१३ मध्ये युनेस्कोनं ती वारसा यादीत घेतली. आपण सरळ 'संत्र्याची वाईन' लिहावं.

आता हे 'संत्र्याची' प्रेसमध्ये हमखास तुटतं, तिकडच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की 'त्र्या'चे तुकडे होतात, म्हणून फाईल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, मग फॉन्ट लागत नाही, आणि प्रूफ कागदावर वाचा, स्क्रीनवर नाही.

अल्कोहोलची टक्केवारी आणि आरोग्याचा वैधानिक इशारा कोपऱ्यात बारीक करून दडवू नका, इशाऱ्याचं अक्षर मोठ्या बाटलीवर किमान ३ मिमी लागतं. 'तब्येतीला चांगली' वगैरे तर अजिबात नको.

साधा कागद थंड पाण्यात फुगतो अन् लेबल हातात येतं, तर वॉटरप्रूफ स्टिकर घ्या, आणि बाटलीवर दव असताना चिकटवू नका, आधी पुसून कोरडी करा. हजार छापण्याआधी एक बाटली बर्फाच्या बादलीत दोन तास ठेवा, मग अंगठ्यानं कोपरा घासून बघा.