लिव्हर ॲक्शनच्या जोडीला रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

लिव्हर ॲक्शन रायफल (ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) घेतली की थोड्याच दिवसांत डोक्यात येतं की हिच्याच काडतुसावर चालणारं एक रिव्हॉल्व्हर पण घेऊन टाकू, एकच डबा दोन्हीला चालेल. कल्पना जुनी आहे आणि चांगलीच आहे. विंचेस्टरची १८७३ मॉडेलची रायफल ४४-४० नावाच्या काडतुसात आली, पुढे काही वर्षांत कोल्टने आपलं सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसात काढलं, आणि अमेरिकेच्या पश्चिमेत घोड्यावर फिरणाऱ्या माणसाचं पट्ट्यात एकाच जातीची काडतुसं ठेवून भागायला लागलं. पण आज अमेरिकेत दुकानात जाऊन दोन्ही बॅरलवर सारखाच आकडा दिसला म्हणजे जोडी जमली असं धरून चालू नका. आधी काडतूस ठरवा, मग बंदुका. दाब किती चालेल ते जोडीतली कमजोर बंदूक ठरवते, आणि काडतुसाचा आकार आणि लांबी कशी हवी ते रायफल ठरवते. पुढे ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा हे न बघितल्यामुळेच होतात.

रायफलच चुकीची असताना जोडी शोधणं

घरात ३०-३० ची मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ आहे आणि आता तिला जुळणारं रिव्हॉल्व्हर पाहिजे, असं बरेच जण विचारतात. ३०-३० हे मुळात रायफलचं काडतूस. त्यात बनवलेलं रिव्हॉल्व्हर मिळतं, पण ते इतकं अगडबंब असतं की कमरेला लावून रानात फिरायची मजाच जाते. ४५-७० चंही तेच. अशी रायफल असेल तर जोडीचा हट्ट सोडा, रिव्हॉल्व्हर तुमच्या गरजेप्रमाणे वेगळ्या काडतुसात घ्या. जोडीच करायची असेल तर रायफल मार्लिन १८९४, हेन्री बिग बॉय, विंचेस्टर १८९२ किंवा रॉसी आर९२ असल्या घराण्यातली हवी, ३५७ मॅग्नम, ४४ मॅग्नम नाहीतर ४५ कोल्टमधली.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी डोळे झाकून ३५७ सांगतो. रिव्हॉल्व्हर ३५७ चं असलं की त्यात ३८ स्पेशल पण चालतं, सराव स्वस्तात होतो, झटका कमी बसतो, घरातलं दुसरं कुणी शिकणार असेल तर त्यांनाही भीती वाटत नाही. ४४ मॅग्नम मोठ्या जनावरासाठी जास्त चांगलं, पण हातातल्या बंदुकीतून ते सोसायला मनगट लागतं, आणि रिव्हॉल्व्हर कपाटात पडून राहणार असेल तर जोडीचा उपयोग काय.

४५ कोल्टचा डबा न वाचणं

ही चूक खरोखर धोक्याची आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. ४५ कोल्टची साधी दाबमर्यादा १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, ४४ मॅग्नमची ३६,०००. मधल्या मोठ्या फरकात काही कंपन्या ४५ कोल्टचीच जास्त ताकदीची काडतुसं विकतात, त्यांना लोक ‘रुगर ओन्ली’, म्हणजे फक्त रुगर कंपनीच्या मजबूत बंदुकांसाठी, असं म्हणतात. बाहेरून बघितलं तर काडतूस सेम टू सेम, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, पण आरामात बसतं. मार्लिन १८९४ मध्ये किंवा १८९२ घराण्यातल्या रायफलच्या मजबूत लॉकिंगमध्ये त्यातली बरीच चालतात, आणि मग माणूस तोच डबा रिव्हॉल्व्हरसाठी पण उघडतो.

रुगर म्हणजे सगळं चालतं हा समज काढून टाका. रुगरचं १९९३ पासूनचं मूळ व्हॅकेरो रिव्हॉल्व्हर मोठ्या फ्रेमवर (सांगाड्यावर) होतं, २००५ मध्ये आलेलं न्यू व्हॅकेरो लहान फ्रेमवर आहे, त्याला ही जड काडतुसं चालत नाहीत. ब्लॅकहॉकमध्ये सुद्धा मोठ्या फ्रेमचं वेगळं आणि मधल्या फ्रेमचं फ्लॅटटॉप वेगळं. सेकंड हँड घेत असाल तर सीरियल नंबरवरून ते कधीचं आणि कुठल्या फ्रेमचं आहे ते कंपनीकडून खात्री करून घ्या, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. कोल्ट सिंगल ॲक्शन आणि त्याच्या इटालियन नकला यांना फक्त साधी काडतुसं. आणि रायफल उबेर्टीची १८७३ असेल तर इथे कमजोर बाजू रायफलची पण आहे, तिचं टॉगलवालं लॉकिंग जुन्या रचनेचं, स्टील कितीही नवीन असलं तरी तिच्यात जड लोड, म्हणजे जास्त ताकदीची काडतुसं, भरायचे नाहीत.

अशा जोडीत जड आणि साधी काडतुसं एकाच घरात ठेवूच नका असं माझं मत आहे. वेगळ्या डब्यात ठेवू, खूण करू असं सगळे म्हणतात, पण रेंजवर घाईत खिशातून काडतूस काढताना खूण कुणी बघत नाही.

४५ कोल्टची आणखी एक कटकट म्हणजे काजळी. सरळ नळीची केस (काडतुसाचं पितळी कवच) कमी दाबावर नीट फुगत नाही, चेंबरची भिंत धरत नाही, त्यामुळे धूर मागे येतो आणि रायफलचं ॲक्शन काळंकुट्ट होतं. अगदी हलके लोड सोडून जरा जड बुलेटचे नेहमीचे लोड वापरले की फरक पडतो. ४४-४० ची केस गळ्यापाशी निमुळती आणि पातळ, ती हा गॅस छान अडवते, पण मग काडतूस कमी ठिकाणी मिळतं. शिवाय जुन्या ४४-४० बॅरलचा माप ४२७ हजारांश इंच धरतात, आजकालच्या बऱ्याच ४२९ च्या असतात, म्हणून रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हीचं माप घेतल्याशिवाय बुलेट ठरवू नका. आणि ज्या राज्यात हरणाला फक्त सरळ नळीचं काडतूस चालतं तिथे ४४-४० बाद होतं, हे शिकारीवाल्यांनी लक्षात ठेवा.

रिव्हॉल्व्हरला चालतं म्हणजे रायफलला पण चालेल असं समजणं

रिव्हॉल्व्हरला काडतुसाचं नाक कसंही असलं तरी फरक पडत नाही, तुम्ही हाताने भोकात टाकता आणि विषय संपला. रायफलमध्ये ते बॅरलखालच्या मॅगझिनच्या ट्यूबमधून लिफ्टरवर यायचं, वर उचललं जायचं, मग चेंबरमध्ये सरकायचं. म्हणून ३८ ची सपाट तोंडाची वॉडकटर बुलेट रिव्हॉल्व्हरमध्ये सुरेख गट मारते आणि लिव्हर ॲक्शनमध्ये अडकून बसते. सेमी वॉडकटरचा धारदार खांदा पण काही रायफलींना नडतो. गोल खांद्याची, सपाट नाकाची बुलेट घ्या, ती दोघांनाही मानवते. टोकदार बुलेट मात्र ट्यूब मॅगझिनमध्ये कधीच नको, पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर (ठिणगी पाडणाऱ्या भागावर) मागच्याचं टोक टेकलेलं असतं आणि झटक्याने ट्यूबमध्येच बार उडू शकतो. मऊ पॉलिमर टोकाची काडतुसं खास यासाठी बनवलेली आहेत, ती चालतात.

आता क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर दाबून तिला घट्ट धरणं. याकडे नवीन लोक बघतच नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने न उडालेल्या काडतुसांतली बुलेट पुढे सरकते, पुरेशी सरकली की सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचा बंद होतो. रायफलमध्ये बरोबर उलटं, ट्यूबच्या स्प्रिंगचा दाब आणि झटका दोन्ही मिळून बुलेट केसमध्ये आत ढकलतात, आणि आत गेली की दाब वाढतो. म्हणजे जोडीच्या काडतुसाला दोन्ही दिशांनी धरून ठेवणारा रोल क्रिम्प हवा, बुलेटवरच्या खाचेत घट्ट बसलेला. घरी रिलोड करत (वापरलेल्या केस पुन्हा भरत) असाल तर ही गोष्ट सगळ्यात आधी जमवा. तपासायची पद्धत सोपी आहे, एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा, ते शेवटी उडवायचं ठेवून बाकीची उडवा आणि मग परत मोजा. दोन्ही बंदुकांत वेगवेगळं करून बघा.

लांबीचं पण तसंच. ३५७ ची कमाल लांबी १.५९ इंच. जड लांब बुलेट बाहेर काढून बसवलेली काही रिव्हॉल्व्हरमध्ये मावते पण रायफलच्या लिफ्टरला जड जाते. आणि १८७३ च्या ठोकळ्यासारख्या लिफ्टरला फार आखूडही चालत नाही, मागचं काडतूस अर्धवट आत घुसतं.

वेगाचा विचार न करणं

१५८ ग्रेन (बुलेटचं वजन मोजायचं माप) वजनाची ३५७ चार इंची रिव्हॉल्व्हरमधून साधारण १२०० फूट प्रति सेकंदाने निघते, तीच १६-१८ इंची रायफलमधून १८०० च्या आसपास. हा फायदाच आहे, पण रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी बनवलेली हलकी १२५ ग्रेनची होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली बुलेट) रायफलच्या वेगाला जनावराच्या कातडीखालीच फुटून जाते, आत पोचत नाही. शिकारीला जड सॉफ्ट पॉइंट नाहीतर कडक लेडची बुलेट घ्या.

फिक्स्ड साइटचं (नेम धरायच्या खुणा हलवता न येणारं) रिव्हॉल्व्हर घेतानाही थोडा विचार करा. दिसायला ते सुंदर, पण एकाच प्रकारच्या लोडला बरोबर मारतं. त्याच्यात जड बुलेट सहसा वर लागते, हलकी खाली. रायफलला आवडेल ते लोड शेवटी वापरायचंय, तेव्हा ॲडजस्टेबल साइट असलेली बरी.

कशासाठी हवं ते न ठरवता घेणं

काउबॉय ॲक्शनच्या मॅचमध्ये (जुन्या पश्चिमेच्या थाटातली नेमबाजी) उतरायचं असेल तर सिंगल ॲक्शनच, म्हणजे दर वेळी हॅमर अंगठ्याने मागे ओढायचा तसलं रिव्हॉल्व्हर, लागतं, जीपी१०० किंवा ६८६ सारखं डबल ॲक्शन, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून चालणारं, कितीही चांगलं असलं तरी चालत नाही, आणि तिथे एक नाही दोन रिव्हॉल्व्हर लागतात. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमात लेडच्याच बुलेट, वेगाला रिव्हॉल्व्हरसाठी सेकंदाला १००० फूट आणि रायफलसाठी १४०० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे तिथे मॅग्नमच्या ताकदीचा उपयोगच नाही. उलट रानात, अस्वलांच्या भागात न्यायचं असेल तर डबल ॲक्शन मला जास्त भरवशाचं वाटतं, एका हाताने पटकन चालवता येतं. जुनं सिंगल ॲक्शन किंवा १९७३ च्या आधीचं रुगर असेल तर सहा भोकांत पाचच काडतुसं, हॅमर रिकाम्या भोकावर, याला अपवाद नाही. नंतरच्या रुगरमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय बार उडू न देणारा भाग) आहे, जुन्याला कंपनी तो फुकट बसवून देते.

कागदपत्रं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे मुद्दाम. एच-१बी, एफ-१ सारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यात बंदूकच काय काडतूस बाळगायलाही बंदी आहे. राज्याचं वैध शिकार लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद, पण तो नीट समजून, वकिलाला विचारूनच वापरा. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. मित्राला पैसे देऊन त्याच्या नावावर घ्यायला लावणं हा सरळ गुन्हा आहे. दुकानातून रिव्हॉल्व्हर घ्यायला वय २१ लागतं, रायफलला १८, आणि रिव्हॉल्व्हर आपल्याच राज्यात घ्यावं लागतं, बाहेर फिरायला गेलात आणि स्वस्त दिसलं म्हणून उचलता येत नाही. राज्याचे नियम आणखी कडक असू शकतात.

घेतल्यानंतर अडलं तर

३८ उडवल्यावर ३५७ चेंबरमध्ये जाईना झालं की समजायचं आखूड केसने पुढे कार्बनचं कडं तयार केलंय. जोर लावू नका, ब्रशने चेंबर घासा, आणि ३८ वापरलं की त्याच दिवशी घासायची सवयच लावा.

जुन्या ४४ मॅग्नम मार्लिनमध्ये ३०० ग्रेनची बुलेट कागदावर आडवी लागत असेल तर रायफल खराब नाही, तिचा ट्विस्ट (बुलेटला फिरवणारा बॅरलमधला पीळ) ३८ इंचात एक फेरा इतका मंद आहे, रिव्हॉल्व्हरचा बहुतेक २० इंचात एक असतो म्हणून तिथे तेच लोड नीट जातं. २४० ग्रेनवर या.

आणि हलकं जॅकेटेड (धातूचं आवरण असलेल्या बुलेटचं) ३८ लांब बॅरलच्या रायफलमधून मारताना आवाज नेहमीपेक्षा दबका आला, झटका जाणवला नाही किंवा कागदावर भोक दिसलं नाही, तर पुढची गोळी मारायची नाही. बुलेट बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. नळी सुरक्षित दिशेला धरून जरा थांबा, रायफल पूर्ण रिकामी करा, चेंबर उघडं ठेवून बॅरलमधून आरपार उजेड दिसतोय का बघा, आणि दिसत नसेल तर ती तशीच गनस्मिथकडे न्या.