मोठे टायर घातले आणि पिकअप घाटात दमायला लागली

उन्हाळ्यात पिकअपचे टायर पार गुळगुळीत झाले होते. कंपनीचं माप २१५/७५ आर १५, म्हणजे रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. दुकानदार म्हणाला, "२३५ घाला, गाडी उठून दिसेल." घातले.

पहिल्याच खेपेला चादरींचे गठ्ठे भरून सोलापूरहून तुळजापूरला निघालो. घाटात जिथं तिसऱ्या गिअरवर आरामात चढायची, तिथं दुसरा टाकावा लागला. मार्केट यार्डात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खर्र आवाज. वाकून पाहिलं, तर मडगार्डाच्या आतल्या प्लास्टिकवर चंद्रकोरीसारखा काळा घासा पडलेला.

मेस्त्रीमामांनी वहीवर हिशोब मांडला. टायरची उंची ७०४ मिमीवरून ७३४ झाली, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण तेवढीच ओढ कमी होते. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास पळते. मी हायवेवर किलोमीटरचे दगड मोजले: ४८ किलोमीटरला मीटर ४६ दाखवत होता! मीटरच किलोमीटर कमी मोजत होता, आणि ॲव्हरेज पडलं असं समजून मी उगाच डिझेल फिल्टर बदलून बसलो होतो. आणि एवढं करून गाडी जमिनीपासून उचलली फक्त दीड सेंटीमीटर.

जुन्याच मापाचे टायर परत घेतले. यावेळी बाजूवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, वाचून घेतला. माल वाहणाऱ्या गाडीला तो रुंदीपेक्षा महत्त्वाचा. अलाइनमेंटही करून घेतलं. परवा तोच घाट, तेवढेच गठ्ठे, गाडी तिसऱ्यात चढली.