पीपीचा डबल डायफ्राम पंप लावायच्या आदल्या दिवशीच एवढं बघून ठेवा

नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, या एमआयडीसी पट्ट्यात केमिकलच्या किंवा प्लेटिंगच्या कुठल्याही गाळ्यात शिरा, एका कोपऱ्यात पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लॅस्टिकच्या बॉडीचा, हवेच्या दाबावर लिक्विड ढकलणारा डबल डायफ्राम पंप ठकठक करत असतोच आणि तो बंद पडला की सगळे त्या पंपाच्याच नावाने खडे फोडतात. मी वर्षानुवर्षं हे पंप उघडतोय, बसवतोय, म्हणून मनापासून सांगतो, बहुतेक वेळा पंप चांगलाच असतो, आपली तयारी कच्ची असते.

तर पहिलं काम, लिक्विड काय आहे ते कागदावर नीट लिहा. नुसतं "अ‍ॅसिड" लिहून स्टोअरला चिठ्ठी पाठवू नका, नाव लिहा, किती टक्के, किती गरम, घट्ट आहे का पातळ, गाळ येतो का. ३०-३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक किंवा कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं पाणी) साध्या पीपीला चालतं, पण ९८ टक्के सल्फ्युरिक किंवा कडक नायट्रिक आलं की पीपी नको, तिथे पीव्हीडीएफ या महागड्या प्लॅस्टिकची बॉडी आणि टेफ्लॉनचे डायफ्राम (लिक्विड ढकलणारे लवचिक पडदे) आणि बॉल (लिक्विड उलटं येऊ न देणारे व्हॉल्व्हचे गोळे) विचारा. आणि महागडं ते सगळ्याला चालतं असंही नाही हां, पीव्हीडीएफला कडक कॉस्टिक सोसत नाही, तिथे स्वस्तातलं पीपीच बरं. गरम लिक्विड असेल तर आणखी जपा, पीपी साधारण ६५-७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, मेकरचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो तो बघूनच घ्या.

थिनर, टोल्युइन असलं काही उचलायचं असेल तर इथेच थांबा. हवेवर चालतो म्हणजे स्पार्कची भीती नाही असं बरेच जण धरून चालतात पण साध्या पीपीतून करंट वाहत नाही, त्यामुळे लिक्विड पळताना जो स्टॅटिक चार्ज साठतो त्याला जायला वाट नसते. कंडक्टिव्ह बॉडीचा नाहीतर मेटलचा पंप आणि पंप, ड्रम, होज सगळ्यांना अर्थिंग, याला दुसरा पर्याय नाही.

मग हवा. हा पंप जेवढ्या प्रेशरची हवा मिळेल तेवढंच प्रेशर पुढे देतो, जास्त देऊच शकत नाही, म्हणून लिक्विड किती वर चढवायचंय त्याचा हिशोब आधी करा. प्लॅस्टिक पंपाला साधारण ७ बारच्या वर हवा द्यायची नाही, मग रेग्युलेटर हवाच. प्रेशर बघायचं ते पंप चालू असताना, पंप बंद असताना गेज ६ बार दाखवतो आणि पंप सुरू केला की ३ वर येतो, कारण दोन इंची पंप जोरात पळवला तर शंभर सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) घरात हवा ओढतो आणि आपण त्याला अर्ध्या इंचाची पाइप टाकलेली असते.

पावसाळ्यात तर हवेतल्या पाण्याकडे बघाच. जुलैत सकाळी रिसीव्हरचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीचा, ड्रेन उघडून बघा, आधी तांबडं गंजाळ पाणी, मग दुधासारखं तेलकट, आणि ते संपता संपत नाही. हेच पाणी एअर व्हॉल्व्हमध्ये गेलं की हवा आलटून पालटून दोन्ही बाजूंना सोडणारा आतला सरकता दांडा, स्पूल, अडकतो, आणि हवा बाहेर पडताना एकदम गार होते म्हणून मफलरवर (वापरलेली हवा सोडणाऱ्या सायलेन्सरवर) बर्फ धरतो. बाहेर घाम येतोय आणि मफलर पांढरा, असं मी स्वतः पाहिलंय. फिल्टर-रेग्युलेटर पंपाजवळ लावा आणि ड्रेन काढायचं काम एका माणसाच्या नावावर करा.

सक्शन पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नको, होज आतून तारेची, नाहीतर ती चपटी होते आणि आपण उगाच बॉल आणि ते बसायच्या सीट उघडत बसतो. पंप टाकीला जेवढा जवळ तेवढं चांगलं. दोन्ही बाजूंना फ्लेक्सिबल तुकडा टाका आणि पाइपचं वजन सपोर्टवर घ्या, मॅनिफोल्डवर (पंपाच्या वर-खालच्या लिक्विडच्या जोडनळीवर) लटकवू नका, प्लॅस्टिक आहे ते.

आता बोल्ट. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, त्यामुळे खोक्यातून काढलेल्या नव्या पंपाचेही बोल्ट सैल झालेले असू शकतात. एका कंपनीत मी घाईत असाच नवा पंप हायड्रोक्लोरिकवर सुरू केला, दहा मिनिटांत वरच्या मॅनिफोल्डच्या जोडातून थेंब धरला आणि हेल्परच्या बाहीवर पडला. लगेच शॉवरखाली नेलं म्हणून निभावलं, पण त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून सुरू करायच्या आधी टॉर्क पान्याने समोरासमोरचे बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याला ओढतो, ट्रायलनंतर पंप बंद करून, प्रेशर सोडून परत एकदा. पाना अर्धा आटा सहज फिरतो, बघा करून. जास्त आवळू पण नका, तडकतं.

डायफ्राम कधीतरी फाटणारच, आणि फाटला की लिक्विड मफलरमधून बाहेर येतं. म्हणून जिथे माणसं उभी असतात तिकडे मफलरचं तोंड नको, एक्झॉस्टला पाइप जोडून सेफ जागी काढा, आणि टाकी पंपापेक्षा वर असेल तर ती पाइप टाकीच्या लेव्हलच्या वर न्या, नाहीतर रात्रीत टाकी रिकामी होईल. खाली ट्रे ठेवा. पावसाळी गटाराकडे उतार असेल तर तो आधी अडवा, आपल्या इथली गटारं शेवटी ठाणे खाडीलाच जातात, फ्लेमिंगो येतात ती खाडी, २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

स्टोअरमध्ये दोन डायफ्राम, चार बॉल, चार सीट, ओ-रिंग आणि एअर व्हॉल्व्हचं किट आधीच आणून ठेवा, पंप थांबल्यावर पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायला बसू नका. गॉगल, फेस शील्ड, ग्लोव्हज, आणि आयवॉशला खरंच पाणी येतंय का ते नळ फिरवून बघा.

ट्रायल पाण्यावर घ्या, हवा हळूहळू सोडा. सल्फ्युरिकचा पंप असेल तर नंतर सगळं पाणी काढून कोरडा करा, आत राहिलेल्या पाण्यावर ते पडलं तर भयंकर तापतं. पंप चालत असताना एका मिनिटाचे ठोके मोजा, हवेचं प्रेशर किती आणि वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरली ते तारखेसकट वहीत लिहा, आणि ती वही पंपाच्या बाजूच्याच पिलरला प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकवा, ऑफिसच्या कपाटात नको, रात्रपाळीच्या माणसाला ती तिथेच सापडली पाहिजे.