नागपूरच्या पावसाळ्यात घरची काकडी

काकडीला गरमी चालते, दमट हवा पण चालते, फक्त बुडाशी साचलेलं पाणी चालत नाही, आणि आपल्या इथल्या काळ्या मातीत जुलैची झड लागली की नेमकं तेच होतं. माझा पहिल्या वर्षीचा वेल असाच गेला. वरून हिरवागार होता मग पानं मलूल पडायला लागली, मला वाटलं खत कमी पडलं म्हणून अजून शेणखत टाकलं, शेवटी हलकासा ओढला तर हातातच आला, बुडाशी खोड तपकिरी आणि लिबलिबीत. तेव्हापासून मी आधी बुडाचं बघते मग बाकीचं.

मे महिन्यात लावायची घाई करू नका, 45 डिग्रीत नर फुलंच जास्त येतात, मादी फुलं गळतात आणि एखादी काकडी लागलीच तर कडू निघते. दोन-चार चांगले पाऊस होऊन जमीन थंडावली की जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत बी टाका, साधारण 45 दिवसांत तोडणी सुरू होते म्हणजे पोळ्याच्या आसपास घरची कोशिंबीर. बी राहुरी विद्यापीठाचं हिमांगी किंवा फुले शुभांगी मिळालं तर छान, नाहीतर पूना खिरा.

अंगणात लावत असाल तर वीतभर उंच वाफा करा, गच्चीवर असाल तर मोठी ग्रोबॅग घ्या आणि खालची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. नुसती काळी माती भरू नका, ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. एक भाग माती, एक भाग रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि वरून मूठभर निंबोळी पेंड. बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका, एका जागी 2-3, उगवल्यावर जोमदार तेवढं एकच ठेवा.

वेल जमिनीवर लोळू द्यायचा नाही. बांबू रोवून सुतळीची जाळी बांधा आणि खालची फूटभर उंचीची पानं काढून टाका म्हणजे हवा खेळते आणि चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. पाणी द्यायची वेळ आली तर (उघाड पडली की येतेच, तेव्हा वेल सुकू दिला तरी काकडी कडू होते) सकाळी आणि बुडाशीच द्या, पानांवर नको, कारण पान ओलं राहिलं की केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) येतोच. रोज सकाळी पान उलटून बघा. वरून शिरांच्या मधे मधे पिवळे चौकोनी डाग आणि खालून करडी जांभळट लव दिसली की तोच, ती पानं लगेच तोडून लांब फेका, वेलाखाली ठेवू नका.

आता फुलांचं, कारण सगळ्यात जास्त लोक इथे घाबरतात. पहिली सगळी फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटभर सुद्धा नाही एवढी बारीक काकडी असते, ती लगेच ओळखू येते. झडीत मधमाश्या फिरकत नाहीत मग ती पिल्लं पिवळी पडून गळतात, अशा वेळी सकाळी 9 च्या आत नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलात हळूच फिरवा. मी एका नराने 2-3 माद्या करते.

कोवळ्या काकडीवर डिंकासारखा थेंब दिसला, ती तिथून वाकडी व्हायला लागली की फळमाशी समजा. आत अळ्या असतात, म्हणून ते फळ तिथेच टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून टाका. क्यू ल्यूरचा सापळा लावा, त्याच्या वासाने नर माश्या त्यात येतात, आणि सोबत फूल सुकलं की फळाला कागदी पिशवी किंवा जुन्या ओढणीचा तुकडा सैलसर बांधा, माझा जास्त भरवसा ह्या ओढणीवरच आहे. भुरीसाठी (पानांवर पांढरी पावडर धरते तो रोग) गंधक मात्र मारू नका, काकडीची पानं जळतात.

तोडणी एक दिवसाआड, कात्रीने. एखादी पानाआड राहून पिवळी पडली की वेल नवीन फळं धरायचं कमी करतो, म्हणून खाली वाकून पानं बाजूला सारून बघत जा.