एसी घेण्याआधी छतावर चढा: मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी घर कसं तयार करावं

परभणीत मार्च लागला की दुकानांबाहेर एसीचे खोके रचले जातात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते: एक टन घ्यायचा की दीड? मला विचाराल तर आधी छतावर चढा. दुपारी चार वाजता स्लॅबवर अनवाणी पाऊल टेकवून बघा, टेकवणार नाही. ही तापलेली लादी रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. आमच्या गावच्या माळवदाच्या घरात वर मातीचा जाड थर आणि हातभर रुंद भिंती होत्या, उन्हातून आत शिरलं की जीव निवायचा. सिमेंटच्या घरात ती सोय आपणच करावी लागते.

पहिलं काम छताचं

फेब्रुवारीत स्लॅब घासून धुवा, भेगा बुजवा आणि पांढरा उष्णतारोधक रंग द्या. तेवढं बजेट नसेल तर चुना मारा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून घ्यायचा, थोडा फेव्हिकॉल मिसळायचा आणि दोन हात द्यायचे. भिजवताना चुना पाण्यात सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो, म्हणून लेकरांना लांब ठेवा आणि डोळे जपा. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून करा. हिरवी शेडनेट किंवा वाळ्याचा पडदा ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवतो. आतला पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते.

कूलर की एसी?

आपला उन्हाळा कोरडा आहे, हे आपलं भाग्यच. मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की कूलरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि हवा खरोखर गार होते. वीजही एसीच्या मानानं फारच थोडी लागते. अट एकच: समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते. जूनमध्ये ढग आले की कूलरचा उपयोग संपतो. दुसरी अडचण पाण्याची. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. ज्या घरी टँकरची वाट बघावी लागते, तिथे दिवसभर कूलर चालवणं परवडत नाही. माझा सल्ला असा: बैठकीत कूलर आणि म्हातारी माणसं, लहान लेकरं जिथे झोपतात त्या एका खोलीत एसी. दोन्ही एकाच खोलीत एकदम मात्र लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसीला तेच पाणी काढत बसावं लागतं.

कूलरबाबत एक गोष्ट हात जोडून सांगतो. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढा, अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासा, डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो. बोअरचं पाणी जड असेल तर गवतावर किंवा पॅडवर पांढरा क्षार बसतो आणि हवा अडते. पॅड उन्हाळ्याच्या मध्यात एकदा तरी बदला.

एसी निवडताना

टन म्हणजे एसीचं वजन नव्हे, तो खोलीतली उष्णता किती वेगानं बाहेर काढतो त्याचं माप. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. दहा बाय बाराची खोली, वर दुसरा मजला असेल तर एक टन पुरतो. वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असेल तर दीड घ्या.

तारे म्हणजे वीज किती वाचते त्याची पातळी. ते बघताना लेबलवरचा वर्षाला लागणाऱ्या विजेच्या युनिटांचा आकडा वाचा. तो १,६०० तासांच्या वापराचा असतो. आपण रोज आठ तास, ९० दिवस चालवला तर ७२० तास होतात. समजा तीन तारे आणि पाच तारे यांच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक आहे, तर तुमच्या घरी तो ९० च्या आसपास येईल. त्याला महावितरणच्या तुमच्या दरानं गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. फक्त रात्री वापरणाऱ्या घराला कधीकधी तीन तारेही पुरतात. इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) आणि तांब्याची कॉइल मात्र सोडू नका.

बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत आणि शक्यतो सावलीत लावा. बंदिस्त बाल्कनीत लावलं तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावाच.

धूळ, जी सगळ्यांत आधी मारते

एप्रिलात वावटळी सुटतात तेव्हा आमच्या एसीची जाळी दहा दिवसांत राखाडी घोंगडीसारखी होते, त्यात कापसाचे तंतूही अडकलेले असतात. दर पंधरा दिवसांनी, वाऱ्याच्या दिवसांत दर आठवड्याला, मेन बंद करून पुढचं झाकण उचला, जाळी काढा आणि नळाखाली मागच्या बाजूनं पाणी सोडा म्हणजे धूळ पुढून निघते. वाळवायची सावलीत, उन्हात प्लास्टिक वाकडं होतं. उन्हाळ्याआधी दोन्ही युनिट पाण्याच्या प्रेशरनं धुऊन घ्या.

सलग तीन वर्षं मला ऐकायला मिळालं, “सर, गॅस कमी झालाय, भरावा लागेल.” मी पैसे देत गेलो. चौथ्या वर्षी दुसऱ्या मिस्त्रीनं पाइपच्या जोडाला साबणाचा फेस लावला आणि बारीक बुडबुडे दाखवले. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला लावा, मग व्हॅक्यूम (पंपानं पाइपातली हवा आणि ओलावा काढणं), मगच गॅस. सध्या बऱ्याच एसींत असणारा आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, म्हणून बिडी ओढत काम करणाऱ्याला थांबवा.

तापमान २४ वर ठेवा आणि पंखा हळू चालवा. बीईई या केंद्र सरकारच्या वीजबचत संस्थेच्या हिशेबानं एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

खोलीतली हवा

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. म्हणून बंद खोलीत डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती लावू नका. एसीची जाळी मोठी धूळ अडवते, धुराचे बारीक कण तिच्यातून निघून जातात. डासांसाठी मच्छरदाणी बरी. पहाटे हवा गार असते तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा. कोरड्या झाडूनं धूळ हवेत उडते आणि पुन्हा बसते, त्यापेक्षा ओलं फडकं फिरवा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवा, मिरचीचा ठसका झोपायच्या खोलीपर्यंत येऊ देऊ नका. घरात दम्याचा रुग्ण असेल तरच हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) प्युरिफायरचा विचार करा, तोही खोलीच्या मापाचा.

मे महिन्यात एसीच्या नळीखालची बादली जेमतेम ओली होते, जूनमध्ये ती भरू लागते. ते पाणी फरशी पुसायला वापरा. हंगाम संपला की एसी दोन तास नुसत्या फॅनवर चालवा, म्हणजे कॉइल वाळते आणि पुढच्या वर्षी कुबट वास येत नाही. मग एमसीबी पाडा आणि रिमोटचे सेल काढून ठेवा.