क्रेडिट कार्डाचं कर्ज फिटत का नाही? आमच्या घरात झालेल्या या चुका टाळा

आधीच सांगते, मी काही फायनान्सवाली नाही. नाशिकला राहतो, मिस्टर अंबड एमआयडीसीत, आणि दोन वर्षांपूर्वी कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला त्याच सुमारास सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, मग मुलीची फी, मग फ्रिज गेला, असं करत करत एका कार्डावर ८०,००० आणि दुसऱ्यावर ३५,००० झाले. उधळपट्टी वगैरे काही नव्हती हो, गोव्याला पण गेलो नव्हतो. पण कर्ज झालं त्यापेक्षा ते फेडताना आम्ही जो गोंधळ घातला ना, तो जास्त महागात पडला.

मिनिमम ड्यू भरला म्हणजे बिल भरलं असं समजणं

आम्ही तब्बल ११ महिने हेच केलं. ८०,००० च्या बिलावर मिनिमम, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, ४,००० यायची, बहुतेक बँकांचं ते ५ टक्क्यांच्या आसपासच असतं. ते भरले की मेसेज यायचा थँक्यू म्हणून, आम्ही खुश. एक दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसले तेव्हा कळलं. ४,००० भरले, उरले ७६,०००, त्यावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,६६० व्याज, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी म्हणजे ४७९. पुढचं बिल ७९,१३९. म्हणजे चार हजार भरून कर्ज कमी झालं ८६१ रुपयांनी! हेच ८०,००० बँकेच्या १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनमध्ये टाकले असते तर २४ महिने ३,८४० चा हप्ता आला असता, मिनिममपेक्षा पण कमी, आणि दोन वर्षांत विषय संपला असता.

त्यात अजून एक गंमत, जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. पूर्ण बिल भरलं नाही की ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे सगळं बंद होतं, नवीन जे काही घ्याल त्याला घेतल्या दिवसापासून व्याज. आम्ही तर किराणा पण कार्डावर भरत होतो पॉइंट मिळतात म्हणून. म्हणजे तूरडाळ पण वर्षाला ४२ टक्के व्याजाची, जीएसटी धरला तर पन्नाशीच्या घरात. म्हणून बाकी असेपर्यंत त्या कार्डावर एक रुपयाची खरेदी नको, पॉइंट गेले चुलीत.

आणि ऑटोपे चेक करा प्लीज. आमच्याकडे ते लावतानाच मिनिमम अमाउंटवर टिक झालेलं होतं, मिस्टरांना वाटायचं पूर्ण बिल कटतंय.

तोंड बघून कर्ज फेडणं

ही खरी चूक. यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्यावर कार्डं सोडून अजून दोन देणी होती, पतसंस्थेचं १३ टक्क्यांनी ६०,००० आणि मामेसासऱ्यांकडून घेतलेले २५,०००, बिनव्याजी. दिवाळीला बोनस आला ३०,०००. तो कुठे गेला? मामेसासऱ्यांना २५,०००, कारण तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या घरी लग्न होतं आणि तिथे तोंड कसं दाखवायचं, असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. उरलेले पतसंस्थेला, कारण तिथला क्लार्क आमच्याच गल्लीतला, रोज दिसतो. कार्डाला तोंडच नाही ना! ते फक्त मोबाइलमध्ये असतं, कोणाला दिसत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी. म्हणजे शून्य टक्क्याचं आधी फेडलं, १३ चं नंतर, आणि ४२ चं तसंच ठेवलं. नंतर मामांना हे कळलं तर ते म्हणाले, अगं मी मागितले होते का?

तर एका वहीच्या पानावर सगळी देणी लिहा आणि समोर फक्त व्याजदर लिहा, कोणाचे आहेत ते नंतर. ज्याचा दर सगळ्यात जास्त, त्याला जादाचे पैसे, बाकी सगळ्यांना ठरलेला हप्ता. नातेवाइकाला फोन करून सरळ सांगायचं, अजून सहा महिने द्या. लाज वाटते, हो वाटते, मला पण वाटली, पण ती लाज महिन्याला हजार रुपयांची होती.

याचंच दुसरं टोक म्हणजे घरात पैसे असताना व्याज भरणं. आमची ६०,००० ची एफडी होती ७ टक्क्यांची, मुलीच्या शिक्षणाची, मोडायची नाही असा घरचा नियम. वर्षाला ४,२०० मिळणार म्हणून तिला हात लावला नाही आणि तेवढ्याच रकमेवर कार्डाला वर्षाला २५,००० च्या वर व्याज देत होतो. भिशीचे ३,००० पण चालूच. शेवटी एफडी मोडली, थोडी पेनल्टी कापली, आणि माझ्या पाटल्या बँकेत सोनेतारण ठेवून ५५,००० उचलले. दोन्ही कार्डं झीरो. (मोडायची नसेल तर एफडीवरच कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तो पण पर्याय आहे.) सोनेतारणाचं व्याज मात्र वेळेवर भरा, नाहीतर लिलावाची नोटीस येते, तिथे हयगय नको.

मोकळं झालेलं लिमिट

कार्ड झीरो झालं जूनमध्ये. दिवाळीपर्यंत परत २२,०००. पाटल्या बँकेत आणि कार्ड पण भरलेलं, म्हणजे आधी एक कर्ज होतं आता दोन. मी मिस्टरांना बोलले खूप, पण त्यातले ९,००० माझेच होते, खोटं कशाला बोलू. ज्या दिवशी कर्ज दुसरीकडे फिरवाल त्याच दिवशी कार्ड बंद करायला टाका किंवा लिमिट कमी करून घ्या. बाकी शून्य असेल तर बंद करायची रिक्वेस्ट दिल्यावर बँकेला ७ कामाच्या दिवसांत बंद करावंच लागतं, नाही केलं तर पुढे दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असा आरबीआयचा नियम आहे. आमच्या बँकेचा माणूस फोनवर गोड बोलून ऑफरच सांगत बसला, हा नियम ऐकवल्यावर दोन मिनिटांत रिक्वेस्ट नंबर दिला.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी पटापट सांगते. कार्डावरून एटीएममधून कॅश काढू नका, फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. एका कार्डाचं बिल दुसऱ्यावरून भरायचं म्हणजे ह्याची टोपी त्याला, आम्ही तीन महिने केलं, हातात काही राहिलं नाही. पगार ७ तारखेला आणि ड्यू डेट २ ला असेल तर दर महिन्याला लेट फी कशाला भरताय, बिलिंग सायकल, म्हणजे बिल बनायची तारीख, बदलून मागा, निदान एकदा तरी ती सोय बँकेने द्यायचीच असते. आणि एखाद-दोन दिवस उशीर झाला म्हणून घाबरू नका, ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या वर गेलं तरच लेट फी लावता येते.

हप्ते थकलेच असतील तर

फोन उचलणं बंद करू नका, आम्ही केलं आणि मग ते सासऱ्यांच्या नंबरवर यायला लागले. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास देता येत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते.

सेटलमेंटची ऑफर आली, अर्धे भरा आणि मोकळे व्हा, तर लगेच उडी मारू नका. सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या रेकॉर्डमध्ये, 'सेटल्ड' असं लागतं आणि ते घरकर्जाच्या वेळी आडवं येतं. आधी बाकीचं ईएमआयमध्ये करून मागा, दर जवळपास निम्म्यावर येतो. अगदीच इलाज नसेल तर सेटलमेंट, पण पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत आणि नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, घ्यायचं.

माझ्या पाटल्या मार्चमध्ये सुटल्या. एक कार्ड बंद केलं, दुसऱ्याचं लिमिट १५,००० करून घेतलंय आणि ते सासूबाईंच्या पोथीच्या डब्यात असतं. मागायला गेलं की त्या आधी विचारतात, कशाला?