फोटोवरून व्हेक्टर चित्र: नाक काढू नका, नाकाची सावली काढा

माझं पहिलं व्हेक्टर पोर्ट्रेट, म्हणजे ठिपक्यांऐवजी रंग भरलेल्या आकारांनी (शेपनी) बनलेलं चेहऱ्याचं चित्र, अर्ध्या मिनिटात झालं होतं. फोटो उघडला, फोटोचे आपोआप शेप करून देणारं ऑटो ट्रेसचं बटण दाबलं, चित्र तयार! मग गालाचा रंग जरा उजळ करावा म्हणून क्लिक केलं, तर गाल नावाचा शेपच नाही. नुसत्या ठिकऱ्या, आणि त्यावर मुंग्यांची रांग लागावी तसे अँकर पॉइंट, म्हणजे शेपची कड ज्यांवरून जाते ते बिंदू.

ट्रेसला फक्त रंगाच्या कडा दिसतात. कान कुठला आणि मागची भिंत कुठली, हे त्याला कळत नाही. दोघांचा रंग जवळचा असला की कान भिंतीत गेलाच म्हणून समजा. तरी ट्रेसला नावं ठेवू नका. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं काढलेली अक्षरं किंवा ठसठशीत रेखाटन असेल, तर मी आजही आधी ट्रेसच करते. चेहरा मात्र पेन टूलनं, म्हणजे एकेक पॉइंट ठेवत स्वतः कड काढून.

पेन टूल पहिले काही दिवस रडवतं. त्यातल्या वक्रांना बेझिए हे नाव पडलं ते रेनो कंपनीतले अभियंते पिअर बेझिए यांच्यामुळे. १९६०च्या दशकात गाड्यांच्या बॉडीचे बाक गणितात बसवायला त्यांनी हे वक्र वापरले. म्हणजे मुळात हे हत्यार लांबलचक, सफाईदार बाकासाठी आहे आणि आपण त्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी कड गिरवत बसतो. सरावाला वर्तुळ घ्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच पॉइंट आणि शिफ्ट दाबून आडवे-उभे सरळ ओढलेले हँडल, म्हणजे पॉइंटमधून निघणाऱ्या, बाक ठरवणाऱ्या दांड्या. त्रिज्या १०० असेल तर प्रत्येक हँडल साधारण ५५ ठेवा, डोळ्याला खरं वर्तुळ दिसतं. हे हाताला कळलं की हनुवटीला १५ पॉइंट द्यावेसे वाटत नाहीत. बाक जिथे सगळ्यात बाहेर येतो तिथे पॉइंट ठेवायचा, बाकीचं हँडलवर सोडायचं.

आता फोटो. तो सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवून लॉक करा आणि ५० टक्के फिकट करा. शेजारी त्याचीच एक प्रत पोस्टराइझ करून तीन-चार छटांवर आणा. ही प्रत गिरवायची नाही, नुसती बघायची. तिच्यात पहिल्यांदा कळतं की नाकाला बाजूची रेघ नसतेच. एका बाजूची सावली, नाकपुडीखालचा गडद डाग आणि शेंड्यावरची चमक, एवढ्यावर नाक उभं राहतं. मी मात्र कितीतरी दिवस दोन रेघा ओढून नाक काढत होते आणि प्रत्येक माणूस रागावलेला दिसत होता. दातांचंही तेच. दातादातांमध्ये रेघा मारल्या की हसू जाऊन फणी दिसते, त्यामुळे सगळ्या दातांचा मिळून एकच फिकट शेप करा. केसांचा आधी एक अख्खा गठ्ठा, मग कडेला पाच-सहा बटा. बस.

मोबाइलवर अगदी जवळून काढलेला फोटो असेल तर नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. असा फोटो इमानदारीनं गिरवाल तर चित्र चुकणार. थोडं लांबून काढलेला फोटो मागा. फोटो दुसऱ्याचा असेल तर परवानगीही घ्या. गिरवल्यानं तो आपला होत नाही.

एका गोष्टीपायी माझी अख्खी रात्र गेली होती. दोन शेप कडेला कड लावून ठेवले की मध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते. मला वाटलं माझेच पॉइंट हलले, म्हणून झूम करकरून जुळवत बसले. दोष पॉइंटांचा नव्हताच. स्क्रीन कडा मऊ करून दाखवते, त्यात मागचा रंग डोकावतो. खालचा शेप वरच्याच्या पोटात थोडा सरकवला की रेघ गायब.

हीच युक्ती पुढे अंगाशी आली. कापून काढायच्या स्टिकरचं काम मिळालं आणि मी तशीच एकावर एक शेप सरकवलेली फाइल पाठवली. कटिंग मशीनचं पातं चित्र बघत नाही, पाथवरून, म्हणजे प्रत्येक शेपच्या कडेवरून चालतं. वरच्या शेपखाली दडलेल्या कडाही त्यानं इमानेइतबारे कापल्या आणि स्टिकर सोलताना घोड्याची मान वेगळी, आयाळ वेगळी झाली. रेघांचे आउटलाइन करून (म्हणजे रेघांचेही शेप बनवून), एका रंगाचे शेप युनाइट करून (म्हणजे जोडून एकच करून) फाइल पुन्हा पाठवली. नवं काम आलं की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे स्क्रीनवर दिसणार आहे, छापायचं आहे, की कापायचं आहे?